तिसऱ्या मजल्यावरचं जुनं बिऱ्हाड एका बेडरूमच्या घरात हलवायचंय, मदतीला कोणाला घ्यावं?

पेठेतली_लेक

आई (76) आणि बाबा (82) सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि मधे वळणाचा. बावधनला ज्येष्ठांच्या संकुलात एका बेडरूमचं घर घेतलंय. चटईक्षेत्र 520 चौरस फूट, किल्ली हातात आहे. जुनी जागा 31 जानेवारीला रिकामी करून द्यायची, म्हणजे दहा आठवडे आहेत.

सामान असं: दोन गोदरेज कपाटं, सागवानी पलंग, शिलाई मशीन, फ्रिज, पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, साधारण 900 पुस्तकं, देवघर आणि माळाभर तांब्यापितळेची भांडी. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. आईला हल्ली विसरायला होतं, संध्याकाळी जास्त.

मी बंगळूरला, भाऊ न्यू जर्सीत. दोघांनाही एकेक आठवडाच येता येईल. भाऊ सांगतो की तिकडे म्हाताऱ्या माणसांचं घर हलवून देणारे ‘सीनियर मूव्ह मॅनेजर’ असतात. पुण्यात तसं कोणी मिळतं का? तीन पॅकर्सना फोन केला तर 14,000, 22,000 आणि 31,000 असे दर आले. एवढा फरक कशानं पडतो? आणि कोणाकडून नेमकं काय करून घ्यायचं?

मोजपट्टी

ताई, भाऊ म्हणतो ते खरं आहे. अमेरिकेत या कामाची वेगळी संघटनाच 2002 पासून आहे. आपल्याकडे या कामाला परवाना नाही आणि ठरलेलं नावही नाही. कोणी ‘होम ऑर्गनायझर’ म्हणवतं, काही वृद्धसेवा संस्था हेच काम दुसऱ्याच नावानं करतात. म्हणून नाव विचारत बसू नका, काम विचारा. कामं तीन आहेत: निवडानिवड, बांधाबांध आणि वाहतूक, नव्या घरात लावालाव. पॅकर्स फक्त मधलं करतात. बाकी दोन कामांना माणूस न नेमताच लोक पॅकर्स बोलावतात, मग माळ्यावरचं सगळंच्या सगळं खोक्यांत भरून नव्या घरात जातं आणि हॉलमध्ये वर्षभर तसंच पडून राहतं.

निवडायला बसण्याआधी नवं घर मोजा. एक फुटाला एक सेंटीमीटर धरून आलेखाच्या कागदावर नकाशा काढा. दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, प्लगचे पॉइंट कुठे आहेत, सगळं त्यात दाखवा. गोदरेजचं नेहमीचं मोठं कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि सुमारे एक फूट सात इंच खोल असतं. पण दोन्ही पानं उघडून समोर उभं राहायला आणखी अडीच-तीन फूट मोकळे लागतात, तेही नकाशात धरा. तुमच्या बेडरूममध्ये पलंग धरून बहुतेक एकच कपाट बसेल. हे कागदावर दिसलं की ‘कोणतं टाकायचं’ हा वाद राहत नाही, ‘दोनातलं कोणतं न्यायचं’ एवढंच ठरवायचं उरतं. बाबांना ते ठरवता येईल, आणि ते त्यांनीच ठरवावं.

पुस्तकांचाही असाच हिशेब. तीन फुटी फळीवर साधारण 40 पुस्तकं बसतात. पाच फळ्यांचं एक शेल्फ म्हणजे 200. बाबांना सांगायचं, ‘तुमचं शेल्फ हे, यातली दोनशे तुम्ही निवडा.’ उरलेल्या सातशेची यादी करून ग्रंथालयाला आधी पाठवा, पोती थेट दारात नेऊन टाकू नका. कसर लागलेली आणि जुनी पाठ्यपुस्तकं कोणीच घेत नाही, ती सरळ रद्दीत.

मदतनीस तासावर घ्या आणि बैठक सकाळी 10 ते 12.30 एवढीच ठेवा. दुपारनंतर थकवा येतो आणि थकलेलं माणूस एकतर सगळं ठेवतं नाहीतर सगळं टाकतं. आठवड्यातून तीनदा, एकाआड एक दिवस, असे सहा आठवडे म्हणजे 18 बैठका, 45 तास. तीस-चाळीस वर्षांच्या घराला एवढे लागतातच. सुरुवात कधीही फोटोंच्या अल्बमनं किंवा लग्नातल्या शालूनं करू नका. पहिल्या बैठकीला बाथरूमचं कपाट, दुसरीला चपला आणि छत्र्या, तिसरीला स्वयंपाकघरातल्या एकासारख्या एक वस्तू. निर्णय घ्यायचा हात तिथे बसतो. माळा चौथ्या आठवड्यात. शिडीवर मदतनीस, आई-बाबा खाली खुर्चीत, प्रत्येक वस्तू त्यांच्या हातात देऊन.

चिठ्ठ्या चार रंगांच्या: जाणार, मुलांकडे, देऊन टाकायचं, अजून ठरलं नाही. शेवटच्या रंगाला मर्यादा पाच खोक्यांची. सहावं भरायची वेळ आली की आधीचं एक उघडायचं.

आणखी एक, आणि यात मी अजिबात तडजोड करणार नाही: निवडायला मदत करणाऱ्यानंच जुनं सामान विकत घ्यायचं नाही. ज्याला घंगाळ हवंय तो ‘काकू, हे आता काय करता’ असंच म्हणणार. भांडी मोडीत द्यायची तर तांबं, पितळ आणि कासं वेगळं करा, घरच्या काट्यावर वजन करून ठेवा आणि दोन ठिकाणी भाव विचारा. कासं पितळेच्या ढिगात गेलं तर नुकसान तुमचं.

गाडी_दोरखंड

दरांतल्या फरकाबद्दल मी सांगतो. फोनवरचा दर हा दरच नव्हे. 14,000 वाल्यानं बहुधा जिना धरलेला नाही, बांधायचं सामान धरलेलं नाही आणि जीएसटीही धरलेला नाही. बांधाबांध आणि वाहतूक एकत्र असलेल्या बिलावर 18 टक्के लागतो, तोच इथे 2,520 रुपये होतो. गाडी भरल्यावर ‘सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघालं’ म्हणून पैसे वाढवायचे, हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे, आणि तो यादी नसते म्हणून होतो. तेव्हा निवडानिवड संपल्यावर, सातव्या-आठव्या आठवड्यात, तिघांनाही घरी बोलावून सर्व्हे करून घ्या आणि वस्तूवार यादीसकट लेखी कोटेशन मागा. त्यात खोक्यांची संख्या, गाडीचा आकार, माणसं किती, मजल्यासाठीचे जादा पैसे, पलंग सोडून पुन्हा जोडणं, रिकामी खोकी परत नेणं, आणि बावधनला कोणी वाराई (माल उतरवू देण्यासाठी स्थानिक हमाल मागतात ते पैसे) मागितली तर ती कोणी द्यायची, हे सगळं शब्दांत हवं. वाराईवरून गेटवर तासभर गाडी अडलेली असते आणि आत म्हातारी माणसं ताटकळत बसलेली असतात. संकुलाच्या ऑफिसला आदल्या आठवड्यात पत्र द्या, लिफ्ट कोणत्या वेळात सामानासाठी मिळेल ते लिहून घ्या.

कोटेशनवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव आणि पत्ता दिसतो. ज्या खात्यात पैसे मागतात ते त्याच नावाचं हवं. कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर ॲडव्हान्स मागितला तर तिथेच थांबा. पैसे असे: ठरवताना 20 टक्के, गाडी भरल्यावर 50, पलंग जोडून झाल्यावर उरलेले 30.

निवड नीट झाली तर तुमचं सामान 40-45 खोक्यांचं होईल. त्याला एक टाटा 407 टेम्पो पुरेल, फार तर छोट्या हत्तीची एक जादा फेरी. चौदा फुटी गाडी घेऊ नका, पेठेत ती उभी करायला जागा मिळत नाही आणि दिवसा मोठ्या गाड्यांना बंदीच्या वेळा असतात. गाडी लांब लावली की हमाल चालण्याचे वेगळे पैसे लावतात. सकाळी 7 ला गाडी दारात हवी. माणसं सहा: चार जिन्यावर, एक गाडीवर, एक वर बांधायला.

जिन्याच्या वळणाची रुंदी आणि तिथली छताची उंची मोजून पॅकर्सला द्या. कपाट वळणावर उभंच फिरवावं लागतं. आतल्या फळ्या आणि लॉकरमधलं सगळं आधी काढा, दारं बंद करून कुलूप आणि वरून पट्टा. जे कपाट विकायचं ते ‘जागेवरून उतरवून न्यायचं’ या अटीवरच विका, नाहीतर उतरवण्याचा खर्च किमतीपेक्षा जास्त होतो. नव्या घरी कपाटाचं दार अडकायला लागलं तर वाटेत चेपलं असं लगेच समजू नका. फरशी असमान असली की सांगाडा तिरका होतो. पायाखाली पाचर घातली की बहुतेक वेळा दार सुटतं.

सागवानी पलंग सोडायला सुतार बोलवा, हमालाला हात लावू देऊ नका. सोडण्याआधी प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूनं सारखा आकडा घालायचा, स्क्रू आणि खुंट्या एका पिशवीत घालून ती माथ्याच्या फळीलाच बांधायची. वॉशिंग मशीन पुढच्या दाराचं आहे म्हणजे ड्रम अडकवायचे वाहतुकीचे बोल्ट लागतील. मशीन घेतलं तेव्हा ते सोबत आलेले असतात, सापडले नाहीत तर सर्व्हिसवाल्याला आधी सांगा. त्याशिवाय हलवलं तर ड्रम हिंदकळून स्प्रिंग आणि दांडे जातात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवून पुसा आणि उभाच न्या. जिन्यात आडवा करावाच लागला तर नव्या घरी चार-पाच तास उभा ठेवूनच सुरू करा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत चढलेलं असतं. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ॲसिडसकट 50-60 किलोची असते. संकुलात जनरेटर असेल तर ती इथेच बॅटरीवाल्याला परत द्या.

पुस्तकांचं खोकं लहान, पाच थरांच्या पुठ्ठ्याचं, 15 किलोच्या आत. लोणच्याच्या बरण्या गाडीत नको, तुमच्या स्वतःच्या चारचाकीत पायाशी ठेवा. बरणी कितीही घट्ट बांधली तरी तेल कापडातून झिरपतं आणि खालचं खोकं फुटतं.

विम्याबद्दल: कोटेशनमध्ये ‘एफओव्ही’ (फ्रेट ऑन व्हॅल्यू, मालाच्या किमतीवर लावलेली रक्कम) किंवा ‘रिस्क चार्ज’ अशी ओळ असते, तो विमा असेलच असं नाही. विमा कंपनीचं तुमच्या नावाचं प्रमाणपत्र मागा आणि त्यात चढवणं-उतरवणं धरलंय का ते वाचा. दहा-बारा किलोमीटरच्या कामात तुटतं ते जिन्यावर, रस्त्यावर नाही. सडक मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात वाहतूकदाराची जबाबदारी, तुम्ही जास्त किंमत जाहीर केली नसेल तर, भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. म्हणून यादीत किमती लिहाच, जादा दर मागितला तरी. पावतीवर सही करण्याआधी तुटफूट तिच्यावरच लिहा आणि फोटो काढा. याच कायद्यानं लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते. दाद न मिळाल्यास ग्राहक हेल्पलाइन 1915.

काठी_कठडा

वरच्या दोघांनी सामानाचं सांगितलं. मी लावालावीचं सांगते, कारण पडण्याचा धोका नव्या घरात पहिल्या काही रात्रींना सगळ्यात जास्त असतो. पाय सवयीनं जुन्या वाटेनं जातात आणि तिथे आता भिंत असते.

पॅकिंगच्या आधी जुन्या घरात तीन फोटो काढा: पलंगाची उशाकडची बाजू, स्वयंपाकाच्या ओट्यावरची फळी आणि देवघर. नव्या घरात हे तिन्ही जसेच्या तसे लागले पाहिजेत. आई पलंगाच्या ज्या बाजूनं उतरते तीच बाजू मोकळी, पाण्याचं भांडं त्याच हाताला, मिसळणाचा डबा गॅसच्या त्याच अंगाला. दाराची दिशा वेगळी असली तरी हे जमवता येतं. विसरणाऱ्या माणसाला शब्दांपेक्षा हाताची सवय जास्त दिवस साथ देते.

पलंगापासून संडासापर्यंतची वाट 90 सेंटीमीटर रुंद, गालिचा आणि वायरशिवाय, रात्रभर मंद दिवा. पलंगाची उंची गादीसकट 45 ते 50 सेंटीमीटर, बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. सागवानी पलंग बहुतेक यापेक्षा उंच असतात. सुतार येणारच आहे, तेव्हा पाय कापून घ्यायचे की पातळ गादी घ्यायची ते आधीच ठरवा. संडासातला कठडा भिंतीत रॉलप्लग आणि स्क्रूनंच बसवा. चोषकाचे, दाबून चिकटणारे कठडे टाइलवरून अचानक सुटतात, ते माणसाचं वजन पेलण्यासाठी नाहीतच. ज्येष्ठांच्या घरांसाठी महारेरानं 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात दारं किमान 900 मिलिमीटरची आणि कठडे आहेत. तुमच्या संकुलात काय बसवलंय ते आत्ताच बघून घ्या, नंतर टाइल फोडायला नको.

हलवण्याच्या दिवशी आई-बाबांना दोन्ही घरांत ठेवू नका. आदल्या रात्री नातेवाइकांकडे, दुसऱ्या रात्रीही तिथेच, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी 11 च्या सुमारास नव्या घरात प्रवेश. तोपर्यंत पलंग घातलेला, पडदे लावलेले, देवासमोर निरांजन, ओट्यावर चहाचं पातेलं. संध्याकाळी मुळीच नेऊ नका. दिवेलागणीला आईंचा गोंधळ वाढतो आणि त्यात नवं घर म्हणजे ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. त्याआधी तीन-चार वेळा सकाळी नेऊन एखादं काम तिच्याच हातून करवा, कुंडीला पाणी घालणं असं काहीही.

पहिल्या 10 ते 14 रात्रींसाठी सोबतीला माणूस ठेवा. संस्थेकडून घ्या, पोलिस पडताळणीची प्रत मागा आणि काम लिहून द्या: रात्री संडासाला उठताना हात देणं, गोळ्यांची आठवण. कपाटाच्या किल्ल्या सोबतीच्या माणसाकडे नाहीत, हेही लिहून. गोळ्या 15 दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्मे, कवळी, काठी आणि श्रवणयंत्राचे सेल, हे एका पिशवीत आणि ती पिशवी गाडीत नव्हे, तुमच्या खांद्याला.

कागदपेटी

निवडानिवडीत कागद निघतात आणि ते रद्दीत जातात. गादीखालचे, साड्यांच्या घडीतले, पंचांगातले, डब्यांच्या तळाचे. नियम एकच: छापील किंवा हस्ताक्षरातला कोणताही कागद मदतनिसानं फाडायचा नाही, सगळं एका पेटीत.

काय काय निघतं? कागदी शेअर सर्टिफिकेटं. 1 एप्रिल 2019 पासून ती कागदी रूपात हस्तांतरित होत नाहीत, डीमॅट करावी लागतात, आणि सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर आयईपीएफकडे (गुंतवणूकदारांसाठीच्या सरकारी निधीकडे) गेलेले असतात, ते अर्ज करून परत मिळतात. विसरलेली पासबुकं. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावानं घेता येतो. 2,000 च्या नोटा निघाल्या तर बँक घेत नाही, रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत द्यायच्या. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर, पुण्याहून टपालानंही पाठवता येतात. जुन्या 500 आणि 1,000 च्या मात्र बदलून मिळत नाहीत, आणि 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं दंडाचं काम आहे. आठवण म्हणून एखाददुसरी ठेवायला हरकत नाही.

मूळ पेन्शन आदेश, इच्छापत्र, घराचे दस्त, लॉकरची किल्ली आणि दागिने पॅकर्सच्या हाताला लागता कामा नयेत. विम्यातही दागिने आणि रोकड धरत नाहीत. गॅस: सिलिंडर पॅकर्स नेत नाहीत. शहरातल्या शहरात एजन्सी बदलायची तर कंपनीच्या ॲपवरून ट्रान्सफर होते. संकुलात पाइपचा गॅस असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्या. त्यासाठी मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर लागतं, ते बहुधा त्याच पेटीत सापडेल.

पेठेतली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. आमच्या दोघांच्या हातातले दोन आठवडे कधी वापरावेत? आणि आई तांब्याच्या बंबाजवळ येऊन अडलीय. नवीन घरात गीझर आहे, बंब ठेवायला जागा नाही, पण ती ऐकत नाही.

मोजपट्टी

निवडानिवडीला येऊ नका, दोघांपैकी कोणीही. मुलं समोर असली की आई-वडील त्यांच्यासाठी म्हणून वस्तू ठेवतात आणि मुलं घाई करतात. ते काम तिऱ्हाइताला चांगलं जमतं. भावाला ‘मुलांकडे’ या रंगाच्या वस्तूंचे फोटो आठवड्याला एकदा पाठवा, आणि त्यानं 48 तासांत हो किंवा नाही कळवायचं. त्याचा आठवडा नववा, पॅकिंग आणि हलवण्याचा. सर्व्हेच्या यादीवर टिक करत गाडीपाशी उभं राहायला घरचं माणूस हवं. तुमचा दहावा, आई-बाबा नव्या घरात शिरतात त्या दिवसापासून. जुनी जागा झाडून किल्ली द्यायचं कामही त्याच आठवड्यात, ते बाबांना करायला लावू नका.

बंबाबद्दल: चार माणसं राजी करायला बसली तर आई आणखी घट्ट धरून बसेल. आलेखाच्या कागदावर बंबाच्या तळाएवढा गोल कापून आईंच्या हातात द्या आणि नकाशावर त्यांनाच जागा शोधू द्या. बाल्कनीचा कोपरा सापडला तर बंब न्या, त्यात कुंडी बसते. सापडला नाही तर फक्त वरचं झाकण न्या, ते देवघराखाली ठेवता येतं. या बैठकीला एक अख्खी सकाळ द्या आणि त्या दिवशी दुसरं काहीही काढू नका.